पिवळ्या भिंतींचा कोपरा

'बॉय इन दा कॉर्नर' या इंग्रजी अल्बमच्या कव्हरवर एक मुलगा जमिनीवर बसलाय. पाठीमागे दोन पिवळ्याजर्द भिंती एकमेकींना मिळतात, तो कोपरा. अंगात काळा ट्रॅकसूट, आणि दोन्ही हातांची बोटं डोक्याशी शिंगांसारखी उभी धरलेली. चेहऱ्यावर हसू नाही. तुम्ही मला सैतान म्हणता ना, मग हा घ्या सैतान, असं काहीतरी त्या बसण्यात आहे. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. कोपऱ्यात बसवलेलं मूल कसं बसतं, हे मला कुणी सांगायला नको.

२०१८ साली मी लंडनला भाच्याकडे तीन महिने राहिले. त्याचं घर पूर्व लंडनमध्ये, पॉप्लरला. तिथून डीएलआर नावाची बिनड्रायव्हरची छोटी आगगाडी जाते. पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी बसलं की रूळ आपल्याच अंगावर येतात, म्हणून मला ती फार आवडायची. एकदा गाडी लँग्डन पार्क स्टेशनात थांबली तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, इथं जवळच एक शाळा आहे. डिझी रास्कल म्हणून रॅप गाणारा आहे, तो त्या शाळेतला. चार शाळांनी काढून टाकलेला मुलगा. इथं आला तर इथंही एक संगीताचा तास सोडून बाकी सगळ्या तासांना त्याला बंदी."

मी विचारलं, "मग पुढे काय झालं त्याचं?"

उत्तर म्हणून त्या रात्री भाच्यानं मला त्याचा तो पिवळ्या कव्हरचा 'बॉय इन दा कॉर्नर' ऐकवला.

पहिल्या ऐकण्यात मला त्यातलं काहीही आवडलं नाही, हे आधी सांगते. आवाज चिरका, शब्द इतके भराभर की एकही हाती लागेना, आणि खालून एक जाड, खरखरीत, दात दुखतात तसा ठणकणारा बास. मी भीमसेन आणि माणिकबाईंवर वाढलेली बाई. पण झोपायला गेले तरी एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या ठेक्यात भोकं होती. वाजत वाजत तो मध्येच थांबायचा, जणू कुणी दार उघडून आत आलंय आणि वाजवणाऱ्यानं हात लपवलेत. मग पुन्हा सुरू. ते थांबणं मी कुठंतरी ऐकलेलं होतं. कुठं, ते आठवायला मला पुढे कितीतरी दिवस लागले.

डिझी रास्कल म्हणजे डिलन मिल्स. जन्म १९८४ चा, राहणारा बो या वस्तीतला. आई घानाची. वडील तो लहान असतानाच गेले, आईनं एकटीनं वाढवला. बो आणि पॉप्लर हे टॉवर हॅम्लेट्स या भागात येतात. तिथं महापालिकेनं बांधलेल्या उंच उंच इमारती आहेत, अरुंद जिने, लिफ्ट कधी चालू कधी बंद. आणि त्याच खिडक्यांतून समोर दिसतो कॅनरी व्हार्फ, बँकांचे काचेचे मनोरे. त्यातल्या सगळ्यात उंच मनोऱ्याच्या टोकावर एक दिवा रात्रभर उघडझाप करत असतो. भाच्याच्या गॅलरीतून तो दिसायचा. मी रोज रात्री पाणी प्यायला उठले की बघायची. एवढा पैसा इतक्या जवळ, आणि मध्ये फक्त एक रस्ता. त्या रस्त्याच्या अलीकडे वाढलेल्या पोराच्या डोक्यात काय काय येत असेल, हे त्या दिव्याकडे बघत असताना थोडं थोडं कळायला लागलं.

या संगीताला ग्राइम म्हणतात. ग्राइम म्हणजे काजळी, घासून निघत नाही असा बसलेला मळ. नाव चांगलं नाही, पण चपखल आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये 'गराज' नावाचं नाचाचं संगीत जोरात होतं. क्लबात जायचं तर चांगले कपडे, चांगले बूट, हातात शॅम्पेन. पूर्व लंडनच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांकडे यातलं काही नव्हतं. त्यांनी त्याच संगीताची वेगवान गती ठेवली, मिनिटाला साधारण १४० ठोके, आणि बाकी सगळा गोडवा काढून टाकला. उरला तो सांगाडा. कुणी घरच्या कॉम्प्युटरवर फ्रूटीलूप्स नावाच्या स्वस्त सॉफ्टवेअरवर चाली बांधायचा, कुणी प्लेस्टेशनवरच्या संगीत बनवायच्या गेमवर. म्हणून त्या चालींत मोबाइलच्या रिंगटोनसारखे, व्हिडिओ गेमसारखे आवाज येतात. त्यांच्याकडे तीच वाद्यं होती.

आणि ऐकवायचं कुठं? सरकारी रेडिओ घेणार नाही, क्लब आत सोडणार नाहीत. मग चोरटा रेडिओ. उंच इमारतीच्या गच्चीवर रात्रीतून अँटेना चढवायची, खाली कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये माइक आणि दोन टर्नटेबल मांडायचे, आणि परवाना नसताना प्रक्षेपण सुरू. अधिकारी येऊन अँटेना उतरवायचे, पोरं दुसऱ्या गच्चीवर दुसरी चढवायची. रिन्स एफएम हे त्यातलं गाजलेलं स्टेशन १९९४ साली असंच सुरू झालं आणि त्याला रीतसर परवाना मिळाला तो २०१० साली. त्याच्या संस्थापकांपैकी एक डीजे स्लिमझी. त्याच्यावर तर न्यायालयाचा असा हुकूम निघाला की परवानगीशिवाय इमारतीच्या चौथ्या मजल्याच्या वर जायचं नाही. मला हे ऐकून गंमत वाटली नाही. संगीत ऐकवायला गच्ची लागते म्हणून माणसाला गच्चीचीच बंदी, हे मी शाळेत वेगळ्या रूपात कितीदा केलं असेल.

त्या रेडिओवर एकामागून एक पोरं माइक हातात घेऊन डीजेच्या चालीवर शब्द फेकायची. एकमेकांना आव्हान द्यायची, तुझ्यापेक्षा मी कसा सरस ते तिथल्या तिथं सिद्ध करायची. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे फड रात्रभर रंगायचे, सवाल टाकला की जवाब आलाच पाहिजे, नाहीतर फड हरला. जात तीच. आणि एखाद्या पोरानं अशी काही ओळ टाकली की ऐकणारे पेटून उठले, तर डीजे रेकॉर्ड हातानं मागे फिरवतो आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्याला ते 'रीलोड' म्हणतात. भाच्यानं मला हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हा तर वन्स मोअर! माझ्या आईनं संगीत नाटकांत एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर घेताना पाहिलेले. प्रेक्षकांनी हात वर केला की नाटकातला काळसुद्धा थांबायचा. पूर्व लंडनच्या त्या फ्लॅटमध्ये पण तो थांबायचा.

डिलन या सगळ्यात वयानं लहान. वायली हा त्याच्याहून पाचेक वर्षांनी मोठा, याच वस्तीतला. तो चाली बांधायचा, स्वतःच्या पैशानं रेकॉर्डी छापून घ्यायचा आणि गाडीत घालून दुकानोदुकानी विकायचा. कंपनी नाही, दलाल नाही. डिलननं तेच शिकून घेतलं. सोळाव्या वर्षी त्यानं 'आय लव्ह यू' बनवलं, आणि ते आधी आलं 'व्हाइट लेबल'वर. म्हणजे मधल्या गोल कागदावर काही छापलेलंच नाही अशी कोरी रेकॉर्ड, स्वतःच काढलेल्या 'डर्टी स्टँक' या नावाखाली. पुढे एक्सएल रेकॉर्डिंग्ज या स्वतंत्र कंपनीनं त्याला घेतलं आणि २१ जुलै २००३ ला अल्बम आला. पंधरा गाणी. त्यातल्या बहुतेकांच्या चाली त्याच्या स्वतःच्या, शब्द त्याचे, आवाज त्याचा. अठरा वर्षांचा मुलगा.

आता त्या संगीताच्या वर्गाबद्दल. मी शिक्षिका, माझा जीव तिथंच अडकला. लँग्डन पार्कच्या संगीत शिक्षकांनी त्याला वर्गातल्या कॉम्प्युटरवर बसू दिलं. एवढंच. बाकीचे शिक्षक ज्याला वर्गात घ्यायला तयार नव्हते, तो तासन् तास त्या पडद्यासमोर मान खाली घालून बसायचा. त्या शिक्षकांना ते संगीत आवडत होतं की नव्हतं, त्यांनी त्यात किती शिकवलं, हे मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. मुलगा काय करतोय हे त्यांनी बघितलं, आणि खोली उघडी ठेवली. शाळेत खोली उघडी ठेवणं किती अवघड असतं, हे शाळेत काम केलेल्यालाच माहीत. किल्ली कुणाच्या नावावर, काही मोडलं तर कोण भरणार, बाकीच्या पोरांना काय सांगायचं, वरून कुणी विचारलं तर? 'नको' म्हणायला शंभर कारणं असतात आणि ती सगळी कागदावर बरोबर असतात.

आमच्या शाळेत एक पेटी होती आणि तबला-डग्गा. हेडसरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि स्नेहसंमेलन, वर्षातून तीनदा बाहेर निघायचं सगळं. बाकी वर्षभर कपाटाला कुलूप.

त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही. नववी 'ब', १९९६ साल, शेवटचा बाक, खिडकीच्या बाजूला. गणपतीत ताशा वाजवायचा. दोन्ही हातांची बोटं सतत बाकावर. कंपासपेटी हा त्याचा ताशा, पट्टी ही काडी, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण कशासाठी होतं कुणास ठाऊक, पण तेही वाजायचं. मी फळ्याकडे वळले की सुरू, वर्गाकडे वळले की बंद. मधली ती शांतता. तेच हात लपवणं. पॉप्लरच्या त्या पलंगावर पडल्या पडल्या एका रात्री मला हे आठवलं आणि मी उठून बसले.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याकडून गाण्यांचे शब्द छापून घेतले आणि चष्मा लावून, एकेक गाणं थांबवत थांबवत ऐकायला बसले. बोलीतले शब्द तो सांगायचा. असे आठ-दहा दिवस गेले.

पहिलंच गाणं 'सिटिन हिअर'. सगळ्या अल्बमची किल्ली त्यात आहे असं मला वाटतं. हा मुलगा नुसता बसलाय आणि बघतोय. मागे तंतुवाद्यासारखा एक बारीक आवाज, दूरवर पोलिसांच्या गाडीचा भोंगा. कालपरवापर्यंत आयुष्य जरा तरी बरं होतं, आता सगळं बिघडत चाललंय, आणि मी इथं बसून विचार करतोय, असा त्याचा सूर. ज्याला सगळ्यांनी दंगेखोर ठरवलं, त्याचा पहिला अल्बम शांत बसून बघण्यापासून सुरू होतो. कोपऱ्यात बसवलेल्या मुलाला सगळा वर्ग दिसतो, ही गोष्ट आम्हा शिक्षकांच्या कधी ध्यानात येत नाही. आमची त्याच्याकडे पाठ असते.

'आय लव्ह यू' ऐकताना मला आधी राग आला. गर्भार राहिलेल्या शाळकरी मुलीबद्दल पोरं ज्या निर्दयपणे बोलतात, तसंच तो बोलतो. पण मग गाण्यात एक मुलगी येते आणि त्याच्याइतक्याच धारदार भाषेत त्याला सुनावते. गाणं तिचं तोंड बंद करत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला हे सुचलं, की आपल्याला उलट बोलणारा आवाज आपल्याच गाण्यात हवा, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

'फिक्स अप, लुक शार्प' हे लोकांना सगळ्यात माहीत असलेलं गाणं. ड्रमचा एकच दणका, बिली स्क्वायरच्या १९८० सालच्या 'द बिग बीट' मधून उचललेला, आणि त्यावर नुसता त्याचा आवाज. माझं खरं आवडतं मात्र 'ब्रँड न्यू डे'. त्याची चाल पूर्वेकडच्या बासरीसारखी, हलकी, जवळजवळ पोरकट आहे, आणि शब्द असे की लहानपणी जे मित्र नुसते मस्ती करायचे ते आता खरोखरच एकमेकांच्या जिवावर उठतील की काय. खेळण्यातल्या बाजावर वाजवलेली ही भीती. ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या 'डू इट' मध्ये तो म्हणतो की कधी कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये. आणि तिथून तो स्वतःलाच हाताला धरून उठवतो. अठराव्या वर्षी कुणालाही हे लिहायची वेळ येऊ नये. पण येते. आमच्या वर्गातही येत असणार, फक्त ते कुणी वहीत लिहून दाखवत नाही.

अल्बम यायच्या काही दिवस आधी सायप्रसमधल्या आयिया नापा या सुट्टीच्या गावी त्याला भोसकलं गेलं. तो वाचला. सप्टेंबर २००३ मध्ये त्याला मर्क्युरी पुरस्कार मिळाला, वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश किंवा आयरिश अल्बमसाठी देतात तो. त्या यादीत रेडिओहेड होते, कोल्डप्ले होते, जगभर स्टेडियमं भरवणारे लोक. अजून एकोणिशीच्या उंबरठ्यावर असलेला बो वस्तीतला पोरगा तो घेऊन गेला. विक्रीच्या यादीत अल्बम पहिल्या क्रमांकावर वगैरे कधी गेला नाही, तेविसाव्या क्रमांकापर्यंत पोचला. पण त्या दिवसानंतर ग्राइमला नाव नाही, असं कुणाला म्हणता आलं नाही.

मोकळीक मात्र लगेच मिळाली नाही. लंडनच्या पोलिसांकडे 'फॉर्म ६९६' नावाचा एक अर्ज होता. कार्यक्रम करायचा तर भरून द्यायचा. त्यात एकेकाळी संगीताचा प्रकार कोणता आणि येणारे श्रोते कुठल्या वंशाचे, हेसुद्धा विचारलेलं असायचं. ग्राइमचे कितीतरी कार्यक्रम असे उंबऱ्यावरच अडले. तो अर्ज रद्द झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये, मी लंडनला जायच्या थोडंच आधी. मी भाच्याला विचारलं, "शास्त्रीय मैफलीला हा अर्ज भरायला लागायचा का रे?" तो काही बोलला नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये डिझीनं हा सगळा अल्बम लंडनच्या कॉपर बॉक्समध्ये पुन्हा गायला. ते सभागृह ऑलिम्पिकसाठी बांधलेलं, बोपासून चालत जाण्याच्या अंतरावर. भाचा त्या कार्यक्रमाला गेला होता. तो सांगत होता, अठराव्या वर्षीचे शब्द तिशी ओलांडलेला माणूस म्हणतोय आणि समोरची हजारो माणसं त्याच्या आधीच ते पूर्ण करतायत.

हे लिहायला घेतलं तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्यासमोर होती, ती टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. २०२२ साली लंडनच्या न्यायालयानं त्याला पूर्वीच्या वाग्दत्त वधूवर हल्ला केल्याबद्दल दोषी ठरवलं. ते वाचल्यावर कितीतरी दिवस मी अल्बम लावला नाही. ज्या गाण्यात त्यानं मुलीला उलट बोलू दिलं, ते तर नाहीच. खोली उघडली म्हणजे त्यातून देवमाणूसच बाहेर येतो, असं मी म्हणत नाही. त्या स्त्रीला जे सोसावं लागलं ते कुठल्याही ठेक्यानं भरून येत नाही. पुन्हा लावला तेव्हा तो त्या अठरा वर्षांच्या मुलासाठी लावला, ज्यानं अजून काहीच केलेलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

आणि खरं तर नववी 'ब'च्या शेवटच्या बाकासाठी.

त्या दिवशी मी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या शिकवत होते. ओवी कशी म्हणायची ते वर्गाला दाखवत होते, तीन चरण यमकाचे, चौथा आखूड, तिथं थांबायचं. मागून कंपासपेटी वाजली. मी दोनदा डोळे वटारले. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा खडू टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "ऊठ. बाहेर उभा राहा. तास संपेपर्यंत आत यायचं नाही." तो काही न बोलता उठला, कंपासपेटी बाकावरच ठेवून गेला.

मी पुन्हा ओवी म्हणायला लागले. बाहेर व्हरांड्याला लोखंडी कठडा होता. थोड्या वेळानं त्याच्यावर बोटं वाजू लागली, अगदी हळू. मी पहिला चरण म्हटला, दुसरा म्हटला, तिसरा म्हटला. चौथा आखूड चरण संपला, मी थांबले, आणि नेमक्या त्याच जागी बाहेरची बोटंही थांबली. मी पुढची ओवी घेतली. तो पुन्हा बरोबर आला. पुन्हा बरोबर थांबला. मला ते ऐकू येत होतं, स्पष्ट ऐकू येत होतं.

मी उठले आणि दार लावून घेतलं.